सुट्या भागांची साक्ष

जुन्या वाद्याचे वय त्याच्या आवाजावरून ओळखता येते, असा एक समज संगीतप्रेमींमध्ये रूढ आहे. धातूच्या स्नेअर ड्रमच्या बाबतीत मात्र कान फारसा उपयोगी पडत नाही. वरचे कातडे बदलले, खालच्या तारा बदलल्या, ताण थोडा कमीअधिक केला की तोच ड्रम निराळा बोलू लागतो. त्याचे जन्मवर्ष शोधायचे तर डोळे, बोटे आणि एक साधे लोहचुंबक यांचीच मदत घ्यावी लागते. आपल्या वसईत लग्नाच्या बँडमध्ये ज्याला साइड ड्रम म्हणतात, त्याचाच हा सख्खा भाऊ. तळाच्या पडद्याला तारांची जाळी टेकलेली असते, आणि ती ताणणारा वा सैल सोडणारा एक खटका बाजूला बसवलेला असतो. वादक त्याला स्ट्रेनर म्हणतात. हा खटका वाचकांनी लक्षात ठेवावा.

अशा ड्रमांचा इतिहास सांगताना शिकागोच्या लुडविग घराण्याचा उल्लेख टाळता येत नाही. विल्यम आणि थिओबाल्ड या भावांनी १९०९ साली व्यवसाय थाटला. थिओबाल्ड १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत वारला. १९२९ साली हा कारखाना कॉन या वाद्यनिर्मात्या कंपनीच्या ताब्यात गेला आणि कारखान्याबरोबर 'लुडविग' हे नावही गेले. विल्यमने १९३७ साली पुन्हा स्वतंत्र कारखाना काढला, तेव्हा स्वतःचे आडनाव वाद्यावर घालण्याचा अधिकार त्याला उरला नव्हता. म्हणून त्याच्या ड्रमांवर डब्ल्यू. एफ. एल. ही आद्याक्षरे आली. १९५५ साली त्याने आपले नाव विकत परत घेतले. तरी पुढली काही वर्षे बिल्ल्यावर ती आद्याक्षरे रेंगाळत राहिली. आज एखाद्या ड्रमवर ती दिसली, तर जाणकार त्याचा काळ १९३७ ते १९६०च्या सुमारास ठरवतात. एका माणसाचा नामवियोग हा असा कालगणनेचा आधार झाला आहे.

बिल्ल्याची साक्ष पुढेही चालू राहते. १९६०च्या दशकात कमानीच्या माथ्यावरील मधल्या दगडाच्या आकाराचा पितळी बिल्ला आला. १९६३च्या अखेरीस त्यावर अनुक्रमांक ठोकण्यास आरंभ झाला. म्हणजे अनुक्रमांक असेल तर ड्रम त्यापूर्वीचा नसतो. मात्र क्रमांकावरून नेमके वर्ष काढता येत नाही, कारण कामगार पेटीतून हाताला येईल तो बिल्ला उचलून लावीत. १९६९-७०च्या सुमारास निळ्या आणि ऑलिव्ह रंगांचा बिल्ला आला. १९८१ साली सेल्मर कंपनीने हा कारखाना घेतला, आणि १९८४ साली तो नॉर्थ कॅरोलिनातील मन्रो येथे हलवल्यावर बिल्ल्यावर शिकागोऐवजी मन्रो आले.

परंतु बिल्ला उपटून दुसरीकडे लावता येतो. म्हणून धातू पाहावा. १९२०च्या दशकातील या घराण्याचे नामांकित ड्रम पितळी. काहींवर काळ्या निकेलमध्ये कोरलेली नक्षी असे. दोन्ही कड्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्या हीही त्या काळाची खूण. ओतीव लग १९३०च्या दशकात आले. १९६०च्या आरंभी निघालेला चौदा इंच व्यासाचा, दहा लगांचा 'सुपर लुडविग' पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेला होता. १९६३च्या सुमारास शेल ॲल्युमिनियमचे झाले आणि तो ड्रम 'सुप्राफोनिक' या नावाने जगभर पोहोचला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सच्या रिंगो स्टारला अमेरिकेने दूरचित्रवाणीवर लुडविगचे ड्रम वाजवताना पाहिले आणि या कारखान्याची मागणी अफाट वाढली. चुंबक पितळेलाही चिकटत नाही, ॲल्युमिनियमलाही नाही. तो फक्त पोलाद वेगळे काढतो. पुढचा निवाडा वजन आणि गंज करतात. पितळी शेल हाताला जड लागते. ॲल्युमिनियमवरील क्रोमला कालांतराने पुरळ उठते आणि पोपडे सुटतात.

मुलाम्याचा रंगही बोलका असतो. निकेल किंचित पिवळसर, ऊबदार दिसते आणि मंद होत जाते. क्रोमची चमक निळसर आणि थंड. महायुद्धापूर्वीच्या ड्रमांवर निकेल सर्रास आढळते. शेवटी स्क्रूचे आटे. अमेरिकी ताणस्क्रू आणि जुने ब्रिटिश स्क्रू यांचे आटे जुळत नाहीत. या सर्व परीक्षेतून एक नियम निघतो: प्रत्येक भाग स्वतःपुरतीच साक्ष देतो. आणि शेलमध्ये एखादे जास्तीचे छिद्र दिसले, तर मूळचा एखादा भाग गेला आणि तेथे दुसरा आला, असे समजावे. संग्राहक अशा छिद्रांना फार भितात. त्यांनी ड्रमची किंमत एकदम घसरते.

ही विद्या आम्हां तिघा भावंडांना शिकावी लागली ती पपांच्या मृत्यूनंतर. पपा मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये ड्रम वाजवीत. आजोबा गावच्या लग्नाच्या बँडमध्ये. घरात एक धातूचा स्नेअर ड्रम होता. त्याच्यावर हात ठेवून पपा म्हणत, "हा आजोबांचा." आजोबा १९५७ साली वारले. एका संग्राहकाने हे ऐकून, महायुद्धापूर्वीचा पितळी ड्रम असेल या समजुतीने, दूरध्वनीवरून चांगली रक्कम देऊ केली. धाकट्या भावाच्या घरावर कर्ज होते. ती रक्कम त्याला हवीच होती.

आम्ही ड्रम खिडकीपाशी नेऊन तपासला. बिल्ला कमानीच्या दगडाचा, त्यावर अनुक्रमांक. शेल हलके, क्रोमवर पुरळ. म्हणजे १९६३च्या आधीचा तो असणे शक्य नव्हते, आणि आजोबांनी तो कधी पाहिलाही नव्हता. पपांनी आम्हांला आयुष्यभर खोटे सांगितले काय, हा प्रश्न रकमेपेक्षा अधिक बोचला. मग धाकट्याचे लक्ष खटक्याकडे गेले. सारे अंग क्रोमचे आणि खटका तेवढा पिवळसर, मंद निकेलचा. त्याचे स्क्रू काढले तर आटे ब्रिटिश. त्याच्यामागे अमेरिकी स्ट्रेनरची मूळ छिद्रे रिकामी होती, आणि शेजारी हाताने पाडलेली दोन नवी.

ड्रम यापुढे काही सांगू शकत नव्हता. उरलेले आमच्या वृद्ध आत्याने सांगितले. आजोबांचा विलायती ड्रम पावसाळ्यात ओलाव्याने गंजून गेला; पपांनी तो भंगारात दिला, पण खटका काढून ठेवला. पुढे बोटीवर नोकरी करणाऱ्या एका गोवेकर स्नेह्याने त्यांना हा अमेरिकी ड्रम आणून दिला. काही वर्षांनी त्याचा स्ट्रेनर मोडला. त्या काळी आयातीवर कडक बंधने होती. सुटा भाग येथे मिळणे दुरापास्त. तेव्हा पपांनी एका कारखान्यात छिद्रे पाडून घेतली आणि आपल्या वडिलांचा खटका त्यावर बसवला. "हा आजोबांचा" म्हणताना त्यांचा हात नेमका कोठे असे, ते आता आम्हां तिघांपैकी कोणालाच खात्रीने आठवत नाही.

संग्राहकाला सारे कळवावे, असे प्रथम धाकटाच म्हणाला. आम्ही बिल्ला, शेल, मुलामा आणि चारही छिद्रे यांचे वर्णन लिहून पाठवले. देऊ केलेली रक्कम चौथ्या हिश्शावर आली, आणि खटका काढून टाका, असेही त्याने सुचवले. आम्ही तो काढला. ड्रम त्या भावाने दिला. कर्जाचा थोडाच भाग फिटला. खटका आमच्या देव्हाऱ्यातल्या क्रुसाखाली ठेवला आहे.

उत्थित प्रभूची ओळख संत थोमाला पटली ती खिळ्यांच्या व्रणांवरून, असे योहानकृत शुभवर्तमान सांगते. पुनरुत्थानानेही ते व्रण बुजवले नव्हते. बाजाराच्या हिशोबात त्या दोन छिद्रांनी ड्रमचे मोल उतरवले, आणि तो हिशोब चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण पपा खोटे बोलले नव्हते, हे आम्हांला सांगितले ते त्याच छिद्रांनी.