कडी कुठे गेली?

आमच्याकडे एक दुर्बीण आहे. सहा इंची आरशाची, न्यूटनच्या पद्धतीची, साध्या लाकडी डॉब्सोनियन बैठकीवर बसवलेली. तिचा आरसा २००२ साली आम्ही स्वतःच्या हातांनी घासला. पुण्यात या छंदाची परंपरा जुनी आहे. हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. त्यामुळे मराठीचा एक अध्यापक संध्याकाळी कार्बोरंडमच्या चिखलात हात माखून बसतो याचे इथे कुणाला फारसे नवल वाटले नाही. आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर निघाले. सोबत प्लॉसल पद्धतीच्या दोन नेत्रिका घेतल्या, २५ आणि १० मिलिमीटरच्या. आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वर्धन मिळते. म्हणजे एकीतून ४८ पट आणि दुसरीतून १२० पट. एवढ्या संसारावर आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ आकाश पाहिले.

नव्या नेत्रिकेचा मोह मात्र सुटला नव्हता. अल नॅग्लर यांनी १९८०च्या सुमारास ८२ अंशांचे दृष्टिक्षेत्र असलेली नेत्रिका बाजारात आणली. तिच्यातून पाहताना नळीतून डोकावल्यासारखे न वाटता खिडकीशी उभे राहिल्यासारखे वाटते. त्या जातीची सहा मिलिमीटरची नेत्रिका घेतली तर आमच्या दुर्बिणीला २०० पट वर्धन मिळाले असते. पैसे साठत आले होते. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या पावसाळ्यानंतर, ती घ्यायचीच असे ठरले होते.

त्याच ऑक्टोबरात आई गच्चीवर आली.

आईने शनी पहिल्यांदा पाहिला तो २००३च्या डिसेंबरात. तेव्हा शनी मिथुन राशीत होता आणि त्याची कडी पृथ्वीच्या दिशेने चांगली कललेली होती. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून तिने पाहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, हे तर चित्रातल्यासारखंच आहे!" पुढे कित्येक वर्षे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत असे की, आमच्या गच्चीवरून शनीची कडी दिसतात. आता ती ऐंशीच्या घरात आहे. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, आणि चष्म्यात सिलिंडरचा नंबर शिल्लक आहे. भिंतीचा आधार घेत जिना चढून आली, वाकली, आणि १० मिलिमीटरच्या नेत्रिकेला चष्म्यासकट डोळा लावून म्हणाली,

"कडी कुठे गेली?"

आम्ही विसरलो होतो. माहीत नव्हते असे नाही. माहीत असूनही तिला सांगायचे विसरलो होतो. सूर्याभोवतीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत दोनदा शनीची कडी पृथ्वीवरून नेमकी कडेने दिसतात. इतक्या पातळ चकतीची कड दिसेनाशी होते. २००९ साली असे झाले होते, आणि पुन्हा २०२५च्या मार्चमध्ये झाले. ऑक्टोबरात कडी होती ती ग्रहाच्या आरपार टोचलेल्या सुईसारखी. आम्ही हे सगळे तिला समजावून सांगितले. गॅलिलिओचीही गोष्ट सांगितली : त्याला १६१० साली शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी दिसले होते, ते १६१२ साली नाहीसे झाले तेव्हा तोही चक्रावला, आणि हे कडे आहे असा उलगडा हायगेन्सने १६५९ सालच्या ग्रंथात केला. आईने शांतपणे ऐकून घेतले.

"समजूत घालतोयस माझी," ती म्हणाली. "डोळे गेलेत माझे. तसं सांग की."

आणि जिना उतरून गेली. नंतर गच्चीवर येण्याचा विषय निघाला की ती गुडघ्याचे कारण पुढे करू लागली. वर्तमानपत्र वाचायचेही तिने जवळजवळ सोडले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दृष्टी उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. पण तिच्या मते शनीपुढे डॉक्टरांची साक्ष टिकणारी नव्हती.

यानंतर नेत्रिकांची निवड हा प्रश्न आमच्यापुरता बदलून गेला. आम्ही आजवर वर्धन आणि दृष्टिक्षेत्र या दोनच गोष्टींचा विचार करत होतो. तिसरी गोष्ट असते ती डोळा आणि नेत्रिका यांच्यातील अंतराची. डोळा नेत्रिकेपासून ठरावीक अंतरावर असला तरच सगळे दृष्टिक्षेत्र एकदम दिसते. साध्या प्लॉसल नेत्रिकेत हे अंतर तिच्या नाभीय अंतराच्या सुमारे सत्तर टक्के असते, म्हणजे १० मिलिमीटरच्या नेत्रिकेला जेमतेम सात मिलिमीटर. चष्म्याची काच तर डोळ्यापासून त्याहून अधिक दूर असते. चष्मेवाल्याला अशा नेत्रिकेतून पाहणे म्हणजे कुलपाच्या भोकातून खोली पाहणे.

यावर शास्त्रशुद्ध उत्तर आमच्याजवळ होते. नेत्रिकेतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत या वर्धनाला सव्वा मिलिमीटरच रुंद असतो. तो बुबुळाच्या इतक्या लहान भागातून आत जातो की सिलिंडरच्या नंबराचा दोष जाणवत नाही, आणि बाकीचा नंबर दुर्बिणीच्या फोकसने भरून निघतो. तेव्हा चष्मा काढून पाहावे. हे आम्ही आईला सांगितलेही होते. ती म्हणाली होती, "चष्मा काढला की मला ते भोकच सापडत नाही." आमचे उत्तर बिनचूक होते आणि निरुपयोगी होते. वर्गात कवितेचा अर्थ सांगताना अशी उत्तरे आपण किती वेळा दिली असतील, हा विचार त्या रात्री मनात येऊन गेला.

आपल्या परंपरेत ग्रंथावरच्या भाष्याला टीका म्हणतात. ज्ञानेश्वरी अशीच एक टीका, भावार्थदीपिका. नेत्रिकेचे काम आम्हांला तिच्यासारखे वाटते. प्रकाश गोळा करतो तो आरसा. नेत्रिका त्यात एका कणाचीही भर घालू शकत नाही. ती फक्त आरशाने जमवलेले, पाहणाऱ्याच्या डोळ्याला पेलेल असे, समोर ठेवते. वर्धन वाढवले की तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो आणि चित्र मंद होते. शिवाय दिवसभर तापलेल्या स्लॅबची हवा २०० पटींना उकळत्या पाण्यासारखी हलते. म्हणून नेत्रिका निवडताना पहिला प्रश्न किती मोठे दिसेल हा नसतो. कोण पाहणार आहे, हा असतो. इतकी वर्षे आम्ही असे गृहीत धरले होते की पाहणारे आम्हीच.

सहा मिलिमीटरची ती नेत्रिका आम्ही घेतली नाही. चष्म्यासाठी वीस मिलिमीटर अंतर देणाऱ्या नेत्रिका मिळतात, त्याही पाहिल्या. शेवटी तिच्या किमतीच्या एका अंशात दुप्पट शक्तीचे बार्लो भिंग घेतले. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नावाचे हे भिंग १८३०च्या दशकापासून वापरात आहे. ते नेत्रिकेच्या आधी बसवले की वर्धन दुप्पट होते, आणि डोळा ठेवायचे मूळ अंतर कमी होत नाही. म्हणजे आमची जुनी २५ मिलिमीटरची नेत्रिका, आईने २००३ साली जिच्यातून पाहिले तीच, आता ९६ पट दाखवणार होती, आणि चष्म्याला जागाही देणार होती. उरलेल्या पैशांतून मान न वाकवता नेम धरता येईल असा लाल ठिपक्याचा शोधक घेतला, आणि उंची कमीजास्त करता येणारी एक खुर्ची. जाणकार मंडळी खुर्चीला दुर्बिणीचे सामान समजत नाहीत. आमच्या मते ते पहिले सामान आहे.

जानेवारी २०२६मध्ये गुरू मिथुन राशीत झळकत होता. आईला मिनतवारीने वर आणले, खुर्चीवर बसवले, शाल पांघरली. आम्ही आधीच पाहून ठेवले होते, पण तोंडातून अक्षर काढले नाही. तिने चष्म्यासकट डोळा लावला.

"मधे मोठा आहे," ती म्हणाली. "त्याच्यावर पट्टे आहेत दोन. आणि बाजूला ठिपके. तीन एकीकडे... थांब, एक दुसरीकडे. अगदी जवळ."

चौथा चंद्र गुरूच्या इतका जवळ होता की, आमच्याही नजरेतून तो पहिल्यांदा निसटला होता.

आम्ही तसे सांगितले. ती काही बोलली नाही. पुन्हा डोळा लावला आणि मनाशी मोजले, बोटांवर, नातवंडांच्या वेळी महिने मोजत असे तसे. खाली जाताना जिन्यात थांबून तिने विचारले, "मग शनीची कडी खरंच आडवी झालीत?"

"हो. आता हळूहळू उघडतील."

"पहिल्यासारखी कधी होतील?"

"२०३२ साली."

तिने हिशेब केला. आम्हीही केला. मग तिने कठडा धरला आणि म्हणाली, "खुर्ची आत घे. दव पडतंय."