गंगाखेडच्या लिंबाखालची जीप

वाचकहो, कधी परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेत बसा. पोखर्णी नृसिंहाचे स्टेशन मागे पडले की दोन्ही अंगांनी काळीभोर राने लागतात. मग एकाएकी गाडीचा आवाज बदलतो आणि खाली गोदावरीचे पात्र दिसते. डब्यातली म्हातारी माणसे हात जोडतात, एखादी आजी पदराच्या गाठीतले नाणे सोडून पाण्यात टाकते. पूल ओलांडला की गंगाखेड आलेच म्हणून समजा. आपल्याकडे गोदावरीला गोदावरी कोण म्हणतो? ती गंगाच. तिच्या काठचे खेडे ते गंगाखेड.

हे संत जनाबाईंचे गाव. नदीकाठी त्यांचे देऊळ आहे. पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंनी दळण, कांडण, झाडलोट करता करता अभंग रचले. कामात हात गुंतलेले असतानाच त्यांना देव भेटला, असे आपली माणसे मानतात. दर्शन घ्या, घाटावर घटकाभर बसा आणि निघताना इथला कलाकंद घरी न्यायला विसरू नका.

मी मात्र गेल्या वर्षी गंगाखेडला तीनदा गेलो ते वेगळ्याच कामासाठी. माझ्या मावसभावाची वस्ती गावापासून थोडी दूर, रानात आहे. वस्तीवर एक जुना लिंब, आणि त्या लिंबाखाली अकरा वर्षे उभी असलेली चारही चाकांनी ओढणारी महिंद्र जीप. मागे सामान टाकायला लाकडी हौदा. कोंबड्यांनी सीटवर अंडी घालावीत आणि पोरांनी स्टिअरिंग धरून तोंडाने भुर्र करावे, एवढाच तिचा उपयोग उरला होता.

भंगार की गाडी?

ही जीप काकांनी, म्हणजे भावाच्या वडिलांनी, सरकारी लिलावात घेतली होती. काका गेले आणि गाडी बसली. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. भावाचा थोरला मुलगा म्हणाला, "बाबा, कामून ठेवायचं हे? देऊन टाका."

भावाच्या मनात मात्र एक रात्र घर करून होती. वस्ती आणि डांबरी सडक यांच्यामध्ये एक ओढा आणि मैलभर पाणंद आहे. काळ्या मातीची पाणंद पावसाळ्यात काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन वर्षांमागे भादव्यात मावशीला तापाने ग्लानी आली. घरची मोटार पाणंदीच्या तोंडाशीच रुतली. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडबा अंथरून, वर ताडपत्री धरून म्हातारीला गंगाखेडला न्यावे लागले. ती बरी झाली. पण ट्रॉलीचे दणके सोसताना ती कण्हत होती, ते भावाच्या कानातून गेले नाही. तो म्हणाला, "दादा, ही जीप चालती असती तर आईला हे हाल झाले नसते."

म्हणून त्याने ती वस्तीवरच, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या सपरात उभी करायची ठरवले. गावातला एक जुना मिस्त्री आठवड्यातून दोन दिवस यायचा. बाकीचे काम घरच्यांचे.

ही गाडी आपल्याकडे आली कशी?

जीपचे मूळ लढाईत आहे. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला चिखलात, वाळूत, डोंगरात कुठेही जाईल अशी हलकी गाडी हवी होती. बँटम कंपनीने पहिला नमुना करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी १९४५ पर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. इंजिन सव्वादोन लिटरच्या आतले, ताकद ६० घोड्यांची.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली. ही कंपनी १९४५ मध्ये पोलादाचा व्यापार करायला निघाली, तेव्हा तिचे नाव महिंद्र अँड मोहम्मद होते. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून महिंद्र अँड महिंद्र झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. १९५२ पासून देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. ग्रामसेवक सायकलवर आणि बीडीओ साहेब जीपमध्ये, हे चित्र घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. १९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडणाऱ्या आयाबायांनी साहेबाची जीप धुरळ्यावरून ओळखली.

आधी या गाड्या पेट्रोलवर चालत. पुढे कंपनीने फ्रान्सच्या पुजो कंपनीच्या परवान्याने डिझेल इंजिन बांधले. त्याचे नाव एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा बोअर ९० मिलिमीटर. आमच्या लिंबाखालच्या जीपला हेच इंजिन होते.

चार चाके ओढतात म्हणजे काय?

साध्या मोटारीत दोनच चाके ओढतात, उरलेली दोन नुसती फिरतात. शिवाय ओढणाऱ्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलची एक खोड असते. एक चाक चिखलात निसटले की ते गरगर फिरत राहते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे स्वस्थ उभे राहते. दोन बैलांतला एक घसरला की दुसऱ्यानेही मान टाकावी, तसे.

जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिचा दांडा ओढला की पुढच्या हौसिंगलाही ताकद जाते. काळ्या रानात लोखंडी नांगराला एका जोडीऐवजी तीन-चार जोड्या जुंपत, तसेच हे. दुसऱ्या दांड्याने हलका गिअर पडतो. गाडी सावकाश चालते, पण ओढ सुमारे अडीच पट होते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही जुंपणी चिखल, वाळू, ओढा यांपुरतीच. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडे घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही, ताण आतल्या दात्यांवर येतो आणि शेवटी काहीतरी तुटते.

आधी कागद, मग पान्हा

पहिल्यांदा गेलो तेव्हा चैत्र होता. मला वाटले, आता इंजिन उतरवतील. मिस्त्री म्हणाला, "आधी आरसी बुक दाखवा."

त्याचे बरोबर होते. खासगी गाडीची नोंद पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या गाडीत मनास येईल तसा फेरबदल चालत नाही. भावाला कोणीतरी सल्ला दिला होता, दुसऱ्या गाडीचे मोठे इंजिन टाक म्हणून. त्याने ते टाळले. चेसिसवरचा नंबर गंजाखाली होता. तो ग्राइंडरने घासू नका, नंबरच उडून जाईल. रॉकेलचा बोळा आणि फडके घेऊन हळूहळू पुसा आणि कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. नंबर जुळला, तेव्हाच भाऊ परभणीच्या आरटीओ कचेरीत चौकशी करून आला आणि मग पान्हा हातात घेतला.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेजची वेगळी नोंदणी आली आहे. पण ती हौसेसाठी आणि प्रदर्शनासाठी. तशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार तुम्हाला आठवत असतील. त्यांनी भंगारातून, सुमारे साठ हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती थांबवतील, हेही सांगितले. २०२२ च्या जानेवारीत लोहारांना तिच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. सगळ्यांना असा बदला मिळत नाही. म्हणून आधी कागद.

खालून वर

आषाढात दुसऱ्यांदा गेलो, तर सपरात गाडी दिसेचना, नुसता सांगाडा. वहिनींनी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या काढल्या होत्या. एकेका बरणीत एकेका भागाचे नट-बोल्ट, आणि वर चिठ्ठी: "डावा पुढचा पाटा", "उजवे ड्रम". अक्षर वहिनींचे. मिस्त्री म्हणाला, "माझ्या गॅरेजात असं कधी झालं न्हाई. तिथं शेवटी चार बोल्ट उरतातच."

त्याच दिवशी आमच्या हातून चूक झाली. आमच्या म्हणजे माझ्याच. मागचे चाक उचलायला मी जॅकखाली वीट ठेवली. जमीन पावसाने भिजलेली. वीट फुटली, जॅक कलला आणि हौसिंग धप्पदिशी खाली बसले. धाकटा पुतण्या क्षणापूर्वीच खालून ग्रीसचा डबा घेऊन बाहेर सरकला होता. कोणी काही बोलले नाही. वहिनींनी पोराला जवळ घेतले आणि चूल विझवून त्या नुसत्या बसून राहिल्या. संध्याकाळी भावाने लोखंडी अँगलच्या चार घोड्या वेल्डिंग करून आणल्या. घरी काम करणाऱ्यांनो, एवढे ऐका: जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली जाड फळी, वर घोडी, आणि मगच माणूस गाडीखाली.

कामाचा क्रम मिस्त्रीने बदलू दिला नाही. आधी चेसिस धुऊन तडे पाहिले, मग पाटे, मग पुढचे-मागचे हौसिंग, मग स्टिअरिंग आणि ब्रेक. पुढच्या हौसिंगचे झाकण काढले तर तेल दुधासारखे पांढरे. सील फाटून ओढ्याचे पाणी आत गेले होते. तुमच्या गाडीचे किंवा ट्रॅक्टरचे तेल असे पांढरे दिसले, तर पाणी शिरले म्हणून समजा आणि सील बदलल्याशिवाय नवे तेल घालू नका. ब्रेकचे व्हील सिलिंडर गंजले होते, ते सगळे नवे घेतले. जुन्या ब्रेक लायनरची धूळ फुंकून उडवू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असते आणि ते छातीत बसते. ओल्या फडक्याने पुसा, फडके पुरून टाका.

इंजिनाचा नंबर यानंतर आला आणि रंगाचा सर्वांत शेवटी. थोरल्या मुलाला रंगाची घाई होती. मिस्त्री त्याला म्हणाला, "रंगानं गाडी थांबत न्हाई, बाळा." भावाच्या हिशेबाच्या वहीत मी पाहिले: इंजिनावर गेले त्यापेक्षा जास्त पैसे टायर, ब्रेक, स्टिअरिंग आणि पुढच्या हौसिंगवर गेले होते. विकणारे लोक नेमके याच्या उलट करतात. म्हणून जुनी जीप घ्यायला गेलात तर चकाकणाऱ्या बॉनेटला भुलू नका, खाली वाकून पाहा.

खंडेनवमी

तिसऱ्यांदा गेलो ते नवरात्रात. सोयाबीनची काढणी चालू आणि वरून पावसाचा तडाखा. खंडेनवमीला वस्तीवर विळे-खुरप्यांबरोबर पान्हे, जॅक आणि त्या चार घोड्याही पूजेला मांडल्या होत्या. जीपला अजून रंग नव्हता, अंगावर नुसता तांबडा रेड ऑक्साइड. पण आरटीओची तपासणी झाली होती आणि कागद हातात होता.

दुपारी पाऊस थांबल्यावर भावाने हलका गिअर टाकला आणि जीप पाणंदीत घातली. रानाला वाफसा यायला अजून तीन दिवस होते. गाडी बैलाच्या चालीने, न अडखळता गेली. ओढा उतरताना थोरला मुलगा शेजारी होता, भंगारात द्या म्हणणारा. ओढ्यापलीकडे भावाने ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडे अंतर गाडी चालवली. ड्रम ओले असले की ब्रेक धरत नाही, असे दाबून ते वाळवावे लागतात. त्याने ते मुलाला समजावून सांगितले, मग खाली उतरून किल्ली त्याच्याकडे दिली. परत येताना मावशी मधल्या सीटवर होती. "ट्रॉलीपेक्षा बरी," एवढेच ती म्हणाली.

तुमच्याही वस्तीवर अशी एखादी गाडी उभी असेल. आरसी हरवली असेल आणि नोंदच मिळत नसेल, किंवा चेसिसला मोठा तडा असेल, तर जीव अडकवू नका, रीतसर भंगारात द्या. पण कागद आणि सांगाडा शाबूत असेल, तर एक हंगाम थांबा, घरच्यांना कामाला लावा आणि खालून सुरुवात करा.

आणि गंगाखेडला गेलात तर आधी जनाबाईंचे दर्शन घ्या. मग एखाद्या सपरात डोकावा. ग्रीसने हात माखलेला कोणीतरी तिथे वाकून बसलेला दिसेलच. त्याला विचारा, तो चहा पाजल्याशिवाय तुम्हाला सोडायचा नाही.