बरकतीची टोपली

आपल्या पानातली भाताची मूद ती केवढी? वाटीएवढी. जावई जेवायला असला तर जरा मोठी. त्यामुळे जावा बेटावर पहिल्यांदा हातभर उंचीची मूद पाहिली, तेव्हा मला हसूच आले. सुपासारख्या गोल वेताच्या ताटात केळीचे पान, पानावर शंकूसारखा निमुळता, हळदीने पिवळाधमक झालेला भाताचा डोंगर, आणि पायथ्याशी भाज्या, अंडी, तळलेले पदार्थ असे काय काय मांडलेले! मी यजमानांना हळूच म्हटले, “अहो, एवढ्या मोठ्या वाटीने पाडली तरी कशी?”

ती वाटीने पाडलेली नसते, हे मला पुढे कळले. तिला तिकडे ‘तुम्पेंग’ म्हणतात.

आमचे बिऱ्हाड २०११ साली सोलो शहरात गेले. यजमान तिथल्या एका कापडगिरणीत नोकरीला होते. घर एका बोळात होते आणि शेजार सगळा जावानी. शेजारच्या घरातल्या म्हातारबाईंना सारा बोळ ‘म्बाह’ म्हणे. म्बाह म्हणजे आजी. मीही म्हणू लागले. भाषा धड येत नव्हती, पण हसणे आणि मान डोलावणे एवढ्यावर आमचा शेजारधर्म ठीक चालला होता.

एके रात्री म्बाहचा नातू दारात आला आणि बांबूच्या पट्ट्यांची विणलेली चौकोनी टोपली माझ्या हातात ठेवून पळाला. झाकण उघडले तो भातावर कोंबडीची तंगडी! मी जन्माची शाकाहारी. झटकन झाकण लावले आणि सकाळी टोपली कामवालीच्या हवाली केली. ती म्हणाली, “बू, हा ‘बेरकात’ आहे. घराच्या नावाने येतो. कडेचा चार शिते भात तरी खा.” मी नाक मुरडले. दुपारी म्बाहने कुंपणावरून विचारले, “कसा होता?” तेव्हा मात्र मी त्यांच्या भाषेतला नुकताच शिकलेला शब्द ठणकावून वापरला, “एनाक!” म्हणजे झकास.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी टोपली येतच राहिली. कुणाकडे बारसे, कुणाकडे सुंता, कुणाच्या सुनेचा सातवा महिना. मी तिचे झाकणदेखील उघडत नसे. तशीच कामवालीला देई आणि दुसऱ्या दिवशी “एनाक!” म्हणून मोकळी होई.

या समारंभाला ‘स्लामेतान’ म्हणतात. आपल्या ‘सलामत’चा आणि त्यांच्या ‘स्लामेत’चा झरा एकच, अरबी. ‘बेरकात’ म्हणजे तर सरळ आपली ‘बरकत’च. कामवालीने तो शब्द उच्चारला तेव्हाच मला तो कळायला हवा होता. पण कान बंद असले की ओळखीचा शब्दही परका वाटतो.

क्लिफर्ड गीर्ट्झ नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या वर्षांत पूर्व जावातल्या पारे गावी राहून अभ्यास केला. जावाच्या धर्मजीवनावरचे त्याचे पुस्तक १९६० साली निघाले, आणि त्याचा आरंभच या स्लामेतानने होतो. आमंत्रण अगदी आयत्या वेळी, जेवणाच्या पाच-दहा मिनिटे आधी येते. बोलवायचे कुणाला, याचा विचारच करायचा नसतो. घराच्या चारी दिशांना जो राहतो, तो आलाच पाहिजे. मग तो नात्याचा असो वा नसो, त्याच्याशी पटत असो वा नसो. पुरुष चटयांवर बसतात. यजमान शुद्ध, भारदस्त जावानीत या जेवणाचे प्रयोजन सांगतो, जाणता माणूस अरबी प्रार्थना म्हणतो, बाकीचे ‘आमीन’ म्हणतात. मग चार घास खाल्लेसे करून मंडळी उठतात. उरलेला वाटा घरी न्यायचा, घरच्या माणसांसाठी. तोच बेरकात.

आणि बायका? त्या स्वयंपाकघरात. शेजारणींनी येऊन हात लावायचा, याला ‘रेवांग’ म्हणतात. आपल्याकडे लग्नघरी पापड लाटायला आळी जमत असे, तसेच. मला दरवेळी बोलावणे येई आणि दरवेळी माझे डोके दुखे.

२०१३ च्या पावसाळ्यात सांगलीहून भावाचा फोन आला. आई गेली. आमचे पासपोर्ट तेव्हा परवान्याच्या नूतनीकरणासाठी कचेरीत अडकलेले. यजमानांनी दोन दिवस खेटे घातले, पण ते हातात पडेनात. आईचे तोंड शेवटचे पाहायला मिळाले नाही. परमुलखातल्या बोळात, भिंतीकडे तोंड करून मी बसून राहिले. रडू आले की नळ सोडायचा, म्हणजे शेजारी ऐकू जात नाही.

पण गेले असावे. सहाव्या दिवशी सकाळी म्बाह चार बायकांना घेऊन आली आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. “उद्या सातवा दिवस. तुमच्याकडे काय करतात?” मी सांगितले, आमच्याकडे दहावा, बारावा, तेरावा, ते भाऊ करील. ती म्हणाली, “आमच्याकडे तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, आणि शेवटी हजारावा. भाऊ तिकडे त्याचे करो. पण माणूस गेलेल्या घरात सातव्या दिवशी चूल थंड ठेवू नये. तुझी आई काय खात असे ते सांग.”

आता मात्र मला राहवेना. मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगून टाकले, की ती मांसमच्छी खात नसे, मीही खात नाही. आणि म्बाह, तुमचा बेरकात मी आजवर कधी खाल्लेला नाही, मी खोटे बोलत होते.

म्बाह सुपारी चघळल्यासारखी तोंड हलवत राहिली. मग म्हणाली, “ठाऊक आहे. तुझी कामवाली माझ्या पुतणीची जाऊ. पहिली टोपली गेली त्याच दिवशी कळले. तेव्हापासून तुझ्या वाट्यात मी कोंबडी घालतच नाही. दुसऱ्यांकडची टोपलीसुद्धा पाहून सोडते.”

मी कामवालीकडे पाहिले. ती चाचरत म्हणाली, “बू, त्यात मांस नसतेच. मला वाटले, तुम्हाला आवडत नाही म्हणून देता.”

दोन वर्षे! दोन वर्षे ती बाई माझ्यासाठी वेगळा वाटा काढत होती, आणि मी झाकण उघडून पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यापाशी मी पहिल्यांदा रेवांग पाहिले, तेही माझ्याच घरचे. तांदूळ आधी अर्धवट वाफवले, मग उकळते पाणी घालून मुरवले आणि बांबूच्या निमुळत्या टोपलीत भरून पुन्हा वाफेवर चढवले. ही टोपली ‘कुकुसान’. ती तोंड वर आणि टोक खाली अशी उंच भांड्यात बसते. भात गरम असतानाच दाबून भरायचा आणि टोपली अलगद उलटी करायची. मुदीचे गुपित ते हे! आनंदाच्या प्रसंगी हळद आणि नारळाचे दूध; आज भात पांढराच. भोवती शिजवलेल्या भाज्यांत मसाल्याचे ओले खोबरे कालवलेला ‘उराप’, सोयाबीनचे तेंपे, टोफू. उरापच्या मसाल्यात एरवी वाळवलेल्या कोलंबीची ‘तेरासी’ पडायची. म्बाहने ती हात आखडून वगळली. एका बाईने तांदळाच्या पिठाचे जाळीदार ‘आपेम’ केले. आप्प्यांचेच भावंड वाटले मला ते. त्या नावाचा अर्थ जावानी माणसे क्षमा असा लावतात, अरबी शब्दावरून. म्बाहने एक माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “खा, म्हणजे फिटले.”

संध्याकाळची नमाज झाल्यावर बोळातले पुरुष आले. बोळातल्या वडीलधाऱ्याने उभ्या जावात कधी कुणी उच्चारले नसेल असे माझ्या आईचे नाव दोनदा अडखळून घेतले. मी दाराआड उभी होते. प्रार्थना अरबी, ऐकणारे जावानी, आणि जिच्यासाठी चालली होती ती कृष्णाकाठची. मला त्यात काहीच विसंगत वाटले नाही. शहरात हल्ली तुम्पेंगचा शेंडा कापून पाहुण्याला देतात. म्बाहने मात्र भात पायथ्यापासून काढायला लावला. “शेंडा वरच्याचा. आपण खालून घ्यावे. तो आपोआप खाली येतो.” मग शेंडा खरोखरच हळूहळू खाली आला.

चार दिवसांनी भावाचा फोन आला. दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. तासभर ताटकळलो, म्हणाला, मग एकदाचा शिवला. मी त्याला सातव्या दिवसाची हकीगत सांगितली. तो जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “मग पोट भरलेलं असणार तिचं.”

२०१४ साली इंडोनेशिया सरकारने तुम्पेंगला देशाच्या खाद्यसंस्कृतीचे प्रतीक ठरवले. त्याच वर्षी आम्ही परत आलो. निघताना म्बाहने एक विणलेली टोपली दिली. आपल्याकडे रिकामे भांडे कुणाला देत नाहीत. तिनेही दिले नव्हते. त्यात वाटेसाठी भात होता. विमानात मी तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

ती टोपली दिवाळीत फळीवरून खाली येते. फराळाचे वाटे तिच्यातूनच जातात. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या वाट्यात लाडू नसतो, त्यांना मधुमेह आहे. समोरच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, म्हणून त्याचा चिवडा निराळा. हे मी कुणाला सांगत नाही. त्यांच्यापैकी कुणी झाकण उघडतो की नाही, तेही विचारत नाही.