नाचणीचं पीठ आणि बोराट्याची नाळ

पहाटे पाचला खराडी बायपासला आम्ही चौघं रिक्षाची वाट पाहत उभे होतो. रात्रपाळी संपवलेला एकजण कंपनीच्या कॅबमधून उतरला. पाठीवरच्या सॅक बघून म्हणाला, "कुठं?"

"रायगडला. चालत."

त्याची जांभई अर्ध्यावरच थांबली.

खरं चालणं गुंजवण्यातून सुरू झालं. राजगड, तोरणा, रायगड. चोरदरवाजाने राजगड चढून पहिली रात्र पद्मावतीच्या देवळात काढली. चौघांनीही एकमेकांना न सांगता ठेचा आणला होता, त्यामुळे चार दिवस जेवणात दुसरं काही चवीला लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडलो आणि डोंगराच्या सोंडेवरून तोरण्याकडे निघालो. उपड्या ठेवलेल्या बुधल्यासारखी तोरण्याची बुधला माची दिवसभर समोर दिसते, पण जवळ येत नाही. रडतोंडी बुरुजापाशी पोचल्यावर हे नाव कोणीतरी चढूनच ठेवलं असणार, याबद्दल आमचं एकमत झालं.

तोरणा 1403 मीटर उंच. 2025 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या 12 किल्ल्यांत राजगड आहे, रायगड आहे, हा नाही. संध्याकाळी झुंजार माचीवर उभं राहिल्यावर मला ते फार लागलं.

तिसऱ्या दिवशी हारपूड, वरोती करत मोहरीत पोचलो. अंगणात धान पाखडणाऱ्या आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कुठनं आलासा?"

"खराडीहून, आजी. पुण्याच्या पलीकडं."

त्या एकदम उठल्या. "खराडी? आमचा नातू तिथंच हाय की! काचेच्या मोठ्या बिल्डिंगीत, शिकुर्टीला."

खराडीत काचेच्या बिल्डिंगी किती, हे त्यांना सांगणार कोण! तोवर त्यांनी घरातून नाचणीच्या पिठाचं गाठोडं आणलंही होतं. दोन किलो तरी असेल. "त्याला द्या. तिकडचं पीठ गोड लागत नाय म्हनतो." फोन नंबर एका मुलाने माझ्या वहीत लिहून दिला.

आम्ही अजून पुढे रायगडला जाणार आहोत, हे सांगायचा धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी ते पीठ बोराट्याच्या नाळेतून उतरलं. रायलिंगचं पठार आणि लिंगाणा यांच्यामधली ही दगडधोंड्यांची घळ. घाटावरून कोकणात उतरायची जुनी वाट. धोंडा पायाखाली हलला की सगळे थांबायचे, आणि मी आधी गाठोड्यावर हात ठेवायचो. लिंगाण्याचा सुळका खांद्याशी आल्यासारखा उभा होता. पाने गावात उतरलो, काळ नदी ओलांडली, आणि संध्याकाळी रायगडवाडीत मान वर करून रायगडाचा कडा पाहिला तेव्हा चौघांपैकी कोणालाच बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी गड चढलो, सिंहासनाच्या जागेपाशी डोकं टेकवलं. पीठही वर आलं होतं.

खराडीला परतल्यावर नातू भेटला तो माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, एका गेटवर. रोज त्याच रस्त्याने मी जातो. गाठ सोडून त्याने चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, वास घेतला.

"हे रायगडावर जाऊन आलंय," मी म्हणालो.

"नाळेनं उतरलात?" त्याचे डोळे चमकले. "आजा त्याच वाटेनं सोयरिकीला जायचा. गवत किती वाढलंय? वाट दिसती का अजून?"

गाडीचा हॉर्न वाजला. तो गेट उघडायला धावला, आणि परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. "हं, सांगा."

मी सांगू लागलो.