वाघाची वाट, आपली वाट

परीक्षा आटोपल्या, की नागपूरकडच्या घरांतून पेंचच्या जंगलाचा बेत ठरतो. वाघ दिसला तर उत्तमच! पण तो दिसो न दिसो, मुलांना जाता-जाता वाटेतला रस्ताही दाखवा.

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा हा महामार्ग क्रमांक ४४. देवलापार मागे पडलं, की दुतर्फा सागाचं जंगल लागतं. रस्ता चौपदरी करायचं ठरलं, तेव्हा मोठाच पेच पडला. मालमोटारींना रुंद रस्ता हवा, आणि वाघ-चितळांची ये-जा नेमकी त्याला आडवी! प्रकरण कोर्टात गेलं, काम रखडलं. अखेर तोडगा निघाला. जनावरं जिथून जातात, तिथं रस्ताच खांबांवर उचलायचा. महाराष्ट्राच्या हद्दीत असे लहानमोठे नऊ पूल आहेत. सर्वांत लांब आहे तो ७५० मीटरचा. वर गाड्या, खाली जंगल. कडेच्या भिंती दिव्यांचा झोत नि आवाज अडवतात.

आमच्या धाकट्यानं विचारलं, "पण आई, वाघाला कोण सांगणार खालून जा म्हणून?" प्रश्न रास्तच होता. सांगणारं कुणी नाही, म्हणून तर असे पूल जनावरांच्या जुन्या वाटांवरच बांधायचे! २०१९ साली भारतीय वन्यजीव संस्थेनं पुलांखाली कॅमेरे लावले, तर १८ जातींचे रानटी प्राणी टिपले गेले. त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते. प्रत्येकाचे पट्टे निराळे, त्यावरून ओळख पटते.

मात्र मुलांना अर्धीच गोष्ट सांगू नका. रुंदीकरणात झाडं गेली, ती गेलीच. पुलांना पैसाही जादा लागला. आपल्या सोयीची किंमत कुणीतरी मोजतं, हेही त्यांना कळू दे.

पावसाळ्यात मुख्य जंगल बंद असतं, तेव्हा त्याआधीच जा. सोबत पाणी, टोप्या, कांदा घ्या. पुलावर गाडी थांबवू नका, खाली तर मुळीच उतरू नका.

घरी परतल्यावर अंगणात मुंग्यांची रांग दिसली, की मुलांना सांगा, "ही रांग न मोडता पलीकडे मोटार न्या पाहू!" दोन काड्यापेट्या नि एक फूटपट्टी हाताशी ठेवा. बाकीचं त्यांचं त्यांनाच सुचू द्या.