सरधन्याची बेगम

दिल्लीचे दर्शन घेऊन परतणारे प्रवासी मीरतपलीकडील सरधन्यास क्वचितच वळतात, याची मला खंत वाटते. कारण शाहआलमच्या अमदानीत जहागीर आणि फौज समर्थपणे सांभाळणाऱ्या बेगम समरूने इटालियन स्थापत्यकार रेघेलिनी याच्याकडून उभारून घेतलेले, १८२२ साली पूर्ण झालेले भव्य ख्रिस्तमंदिर तिथे आहे, आणि १८३६मध्ये निवर्तलेली ती तेजस्वी स्त्री, इटलीतल्या आदामो तादोलिनीने घडवलेल्या शुभ्र संगमरवरात, हाती बादशाही फर्मान धरून आसनस्थ आहे. असईच्या १८०३च्या संग्रामात तिच्या पलटणी दौलतराव शिंद्यांच्या बाजूस होत्या, हे स्मरताच जालन्याकडील त्या रणभूमीशी या कसब्याचा ऋणानुबंध मनोमन जाणवला. चौथऱ्यावरील शिल्पपटांतला तिचा दरबार मी दुपार कलेपर्यंत न्याहाळला. परदेशी शिल्पकाराने हिंदुस्थानी मुद्रांवरचा करारीपणा किती आदराने कोरला आहे!