एक लॅप म्हणजे किती?

आमच्या पोहण्याच्या बॅचमध्ये 'लॅप' या शब्दावरून रोज वाद. जाऊबाई म्हणतात, एका टोकाहून दुसरं टोक गाठलं की एक लॅप. माझी लेक म्हणते, परत आल्याशिवाय लॅप कसला? आमचा तलाव २५ मीटरचा. म्हणजे दहा लॅप एकीचे २५० मीटर, दुसरीचे ५००! जाऊबाईंचा गुडघा नुकताच बरा झालाय हो, त्यांना हा फरक भारी पडेल.

ऑलिंपिकच्या ५० मीटर तलावात १५०० मीटरला ३० वेळा टोक गाठतात. तिथं त्याला 'लेंग्थ' म्हणतात. लेकीचंही खोटं नाही, प्रदक्षिणा निघाल्या जागी येऊनच पुरी होते. मी दोघींना मीटरच सांगते. जाऊबाईंना सध्या २००, मध्ये दम खाऊन.